बावीस प्रश्न उरले

सर, फोल्डिंग खात्यात तुम्ही कापड कसं तपासायचात ते मी एकदाच पाहिलं, वडिलांचा डबा द्यायला सुरतेतल्या बमरोलीच्या मिलमध्ये आले होते तेव्हा. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून साडीच्या कापडाचा ताका सरकतोय आणि तुमची नजर फक्त डाग शोधतेय. चांगल्या कापडाकडे तुम्ही बघतच नव्हतात. तीच रीत तुम्ही डिंडोलीतल्या तुमच्या पुढच्या खोलीत आणलीत. सरकारी कारकुनाच्या भरतीची लेखी परीक्षा, प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं. "बरोबर उत्तर शोधू नका," तुम्ही सांगायचात. "तीन डागी उत्तरं काढी टाका. उरनं ते चोखं." आम्ही खानदेशातून आलेल्या कामगारांची सात-आठ मुलं-मुली, गुजराती शाळेत शिकलेली, इंग्रजीचं पान दिसलं की गार पडणारी. 'मला येत नाही' म्हणणारे आम्ही तुमच्यामुळे 'हे तरी नक्की नाही' म्हणायला लागलो. एवढं दुसऱ्या कुणी आम्हाला दिलं नव्हतं.

मी मात्र भांडायची. हा प्रश्नच चुकीचा आहे, काढणाऱ्याने मिल कधी आतून पाहिलेली नाही, असं रोज काहीतरी. तुम्ही हसून म्हणायचात, "वकीलबाई, कोर्ट उठनं. आते पेपर सोडवा." घरी आई आणि मी साड्यांवर टिकल्या चिकटवायचो. पास झाले नाही तर पुढेही तेच, हे कुणी बोललं नव्हतं पण ठरलेलं होतं. आणि तुमचीही वयोमर्यादेतली ती शेवटची संधी होती. आम्हाला शिकवता शिकवता तुम्ही स्वतः त्याच परीक्षेला बसणार होतात.

दर रविवारी घड्याळाला गजर लावून आपण सगळेच सरावाचा पेपर सोडवतो. एका रविवारी मी गंमत म्हणून वेगळं करून बघते. बरोबर उत्तर दिसलं की खूण करायची, बाकीच्यांकडे बघायचंच नाही. पेपर दहा मिनिटं आधी संपतो. मान वर करते तर तुम्ही अजून मधल्या पानावर. समोर बरोबर उत्तर दिसत असताना त्याच्याखालच्या दोन उत्तरांचे डाग तपासताय. गजर वाजतो. सोडवलेल्यात तुमची एकही चूक नाही, आणि बावीस प्रश्नांना हातच लागलेला नाही.

"इतलं लवकर कसं व्हयनं तुनं?" तुम्ही विचारलंत.

"तुमचीच पद्धत, सर. हात बसला."

तुम्ही कौतुकाने सगळ्यांकडे वळलात. "देखा. सवय लागनी का असं व्हस."

परीक्षेला अजून दोन महिने होते. मी रोज तुमच्यासमोर बसले. कशावरही वाद घालणारी मी याच एका गोष्टीवर गप्प राहिले. गुरूची चूक काढू नये, असं स्वतःला बजावत होते. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. जागा थोड्या होत्या, आणि त्या खोलीत माझ्यापेक्षा हुशार एकटे तुम्ही होतात.

यादीत माझा नंबर आला. तुम्ही कागदात बांधून सुरती घारी, ती तुपात घोळवलेली मिठाई, घेऊन आलात आणि उंबऱ्यात चपला काढत आईला म्हणालात, "मनी पद्धत हिनीच बराबर उचली." आईने विचारलं, "अन् तुमनं?" तुम्ही म्हणालात, "बराच राही ग्यात, माय. येळ पुरना नही." मी तोंडात घारीचा तुकडा धरून उभी होते. गिळता येईना, थुंकता येईना.

पाच-सहा वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर त्याच काचेच्या टेबलाशी उभे होतात. मी त्या नोकरीच्या खुर्चीत बसले ती अजून उठलेली नाही. कामगारांसाठी पूर्ण वेळ काम करायचं म्हणून दोनदा राजीनामा लिहिला. दोन्ही वेळा वाटलं, तुमच्या वाट्याची जागा घेऊन ती अशी टाकून द्यायची? मग बसून राहिले, आणि बसून राहायचं म्हणजे रोज त्याच जागेवर बसायचं. एवढी पुस्तकं वाचली, यातून बाहेर पडायची वाट एकातही दिसली नाही.

संध्याकाळी मी वस्त्यांमधून भाषणं करते. वयोमर्यादेवर बोलते, गरिबाची हुशारी घड्याळ लावून मोजणाऱ्यांवर बोलते. त्यातल्या शब्दान् शब्दावर माझा विश्वास आहे. आणि प्रत्येक भाषणात मी तुमची गोष्ट सांगते: एकही उत्तर न चुकणारा माणूस या व्यवस्थेने जन्मभर डाग तपासायला उभा ठेवला. तिथे टाळ्या पडतात. मी टाळ्या थांबेपर्यंत थांबते, मग पुढे बोलते.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, पण तुमच्या पत्नी, आमच्या वहिनी, अजून डिंडोलीतच राहतात. त्यांच्या हातात देता येईल. येत्या रविवारी त्यांच्याच गल्लीत माझी सभा आहे, त्या नेहमीप्रमाणे पुढे बसतील. मी पत्र घरी ठेवून जाणार आहे, आणि गोष्ट आजवर सांगत आले तशीच सांगणार आहे.