डाळीच्या डब्यातलं शेवटचं पान

शिरपूर, रविवार, १९९४. संध्याकाळ.

आज भाऊजींची जिरवली! अजून हसू आवरत नाही.

दर रविवारी सकाळी टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये तो विसरभोळा शास्त्रज्ञ गाय घेऊन चंद्रावर जातो, तेव्हा मी आत भाकरी थापत असते. मला ऐकू येतं ते बाहेरचं हसणं. म्हणून त्याच कार्टूनचं कॉमिक्स घरात आलं की मी त्यावर जीव टाकते. पण माझे हे दीर आधी वाचणार आणि जेवताना मोठ्याने शेवट सांगून टाकणार. वर म्हणणार, "वहिनी, तुमचा वेळ वाचवला!" वेळ वाचवला म्हणे. किती ऐकून घ्यायचं?

काल नवा अंक आला. भाऊजी आंघोळीला गेले आणि मी शेवटचं पान काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात दडवलं.

आज जेवताना भाऊजी अंकातली गाईची गोष्ट अर्धीच सांगून थांबले, तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, "मंग गायनं काय व्हयनं रे?"

माहीत नाही म्हणतील तर ते भाऊजी कसले! म्हणाले, "गाय... तिथंच राहिली."

मी भाजी वाढता वाढता विचारलं, "मग तिचं दूध कोण काढतं?"

कान लाल झाले त्यांचे. नंतर हळूच स्वयंपाकघराच्या दारात आले. "वहिनी, शेवटचं पान पाहिलं का कुठं?"

"पाहिलं ना. वाचलंसुद्धा. पण सांगितलं तर तुमची मजा जाईल."

तुरीचा डबा त्यांच्या समोरच फळीवर होता. पण मी या घरात आल्यापासून भाऊजींनी तिथला एकही डबा उघडलेला नाही.