झाकलेलं सलाइन

आबा, तुमचा धाकटा भाऊ सध्या माझ्याच वॉर्डात आहे, इथे जालन्याला. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरला आणि अंग तापाने फणफणत असताना काकूने त्यांना राजूरहून आणलं. आमच्याकडे एका नव्या अँटिबायोटिकची चाचणी चालू आहे. काही रुग्णांना नवं औषध, काहींना नेहमीचं. कोणाला कोणतं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि ते रुग्णालाही कळत नाही आणि मलाही नाही. घरच्या माणसाची संमती मी घेणं बरोबर नाही, म्हणून सोबतच्या डॉक्टरांना पाठवलं. त्यांनी शेजारी बसून सगळं समजावलं, नको म्हणालात तरी उपचार होतीलच हेही सांगितलं. काका म्हणाले, "आमची पोरगी हाय ना इथं? मंग झालं. सही कुठं करू?"

मला राग आला, पण कोणावर काढणार? तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर होतात, तेव्हा शाळा सुटली की मी तुमच्याकडे येऊन बसायची. एकदा काका बाही वर करून उभे आहेत, तुम्ही सिरिंज भरताय, आणि मी सगळ्यांसमोर विचारते, यात काय आहे? तुम्ही केवढ्याने ओरडलात. "पेशंटासमोर असं इचारत न्हाईत. भरोसा उडतो." काकांनी मात्र दंड तसाच पुढे धरला होता. तो भरोसा आता माझ्या वाट्याला आलाय आणि माझा जीव त्यात गुदमरतो.

रंगावरून औषध ओळखू येऊ नये म्हणून सलाइनच्या पिशवीवर गडद आवरण घालून देतात. काकूने त्याचा भलताच अर्थ लावला. नजर लागू नये म्हणून भारी औषध झाकून आणलंय, असं ती शेजारच्या बाईला सांगत होती. शेजारच्या खाटेवरही तशीच पिशवी होती, ते तिला दिसलंच नाही. मी समजावलं, तर गालातल्या गालात हसली.

ताप अजून उतरलेला नाही. उद्या सकाळपर्यंत उतरला नाही तर औषध बदलायचं, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय. मला तेवढाही धीर निघेना. काकांना म्हटलं, तुम्हाला चाचणीतून आजच बाहेर पडता येतं, कोणी काही म्हणणार नाही. ते धापा टाकत म्हणाले, "न्हाई. गावात सांगून आल्तो, पोरीकडं औषध घ्यायला चाललो म्हणून. मधीच सोडलं तर तुझं नाव खराब होईल." मी पाया पडले, तरी ऐकेनात.

काकूने कालपासून अन्नाला हात लावला नव्हता. दुपारी डबा घेऊन गेले तर माझं मनगट धरून म्हणाली, "तुला ठावं असंल. घरच्या माणसाला चांगलंच लावलं ना?"

मी म्हटलं, "हो काकू. चांगलंच लावलंय."

मग ती जेवली. मला ठाऊक नाही, आबा. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.