हेमांगीचं नाव

चंदनसार, विरार

मीरा मॅडम,

तुम्ही निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी हे सांगायचं धाडस होत नव्हतं. आपल्या लॅबच्या रेबीज लसीच्या यादीतून बाटल्या धुणाऱ्या हेमांगीला मीच वगळलं होतं, कंत्राटी म्हणून. तुम्हाला मात्र म्हणालो, "यादी वरूनच आलीय."

"मग परेश, तिची लस पूर्ण होईपर्यंत विषाणूची एकही नळी उघडायची नाही," तुम्ही म्हणालात. त्यासाठी तुम्ही वरिष्ठांची बोलणी खाल्लीत.

मार्चमध्ये तशीच नळी फुटून हेमांगीचं बोट कापलं. आधीची लस होती, म्हणून आणखी दोन डोसांवर भागलं. ती ठणठणीत आहे.

"साहेब, तेव्हा माझं नाव तुम्हीच घातलंत ना?" तिने विचारलं.

"मॅडमनी," मी म्हणालो. वगळलं कोणी, ते नाही सांगितलं.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
परेश