आक्का, पूनम उद्या येणार नाही

प्रिय आक्का,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. सकाळी देवपूजा उरकली आणि तुझ्याच सोप्यात, तुझ्याच खाटेवर बसून हे लिहितोय. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही. पण आज तुला सांगितल्याशिवाय उद्या तुझ्या फोटोला हार घालायला माझा हात उठणार नाही.

काल तुझे थोरले दीर, अण्णा, येऊन गेले. आत आले नाहीत, पाणीही घेतलं नाही. पायरीवरूनच म्हणाले, "पाव्हणं, पोरगी आईच्या श्राद्धाला येत नसंल तर भावकीतलं कुणी पानावर बसणार न्हाई. आन माझा पोरगा बी विधीला बसणार न्हाई. ध्यानात ठेवा."

"अण्णा, तिच्या रॉकेटची चाचणी नेमकी त्याच दिशी हाय. तिनं दिवस ठरवला न्हाई."

"आईपरीस रॉकेट मोठं झालं व्हय?"

"आईलाच लय आवडायचं की ते," एवढंच मी म्हणालो. अण्णा चपला फटकारत निघून गेले.

खरंच, किती आवडायचं तुला! तुझ्या बेदाण्याच्या शेडमध्ये बाया निवडायला बसलेल्या, समोर बेदाण्याचा ढीग, आणि जेवणाच्या डब्याला टेकवून उभा केलेला तुझा मोबाईल. परदेशातलं कुठलंसं रॉकेट इंटरनेटचे उपग्रह घेऊन निघालेलं असायचं. ते वर जाताना तू बघायचीसच नाही. "वर काय, समदीच जात्यात," म्हणायचीस आणि हात चालू ठेवायचीस. वरचा तुकडा उपग्रह घेऊन पुढं गेला, की खालचा मोठा खांब एकटाच माघारी फिरायचा. मग तू ओरडायचीस, "थांबा गं! उतरतंय!" सगळ्यांचे हात थांबायचे. स्वतःच्याच आगीवर तोललेला तो खांब खाली यायचा, पाय पसरायचा आणि समुद्रातल्या तराफ्यावर उभा राहायचा.

एकदा तुझ्या शेजारी बसणारी शालन म्हणाली, "आक्का, माझा नवरा तासगावच्या बाजारातनं सरळ उभा राहून कवा घरला आला न्हाई. आन ह्यो बघा, आभाळातनं येतोय!"

"मग त्येला बी असलंच पाय लावून घे," तू म्हणालीस. हसता हसता शालनच्या मांडीवरची पाटी उपडी झाली, आणि तू तिच्यावरच खेकसलीस!

मी तुला विचारलं होतं, एवढं काय बघतेस त्यात? तू मला शाळेत शिकवल्यासारखं सांगितलंस. "म्हादू, तीच गाडी पुन्हा वापरत्यात. पयलं एकदा उडवलं की फेकूनच द्यायचे. आता परत येतंय, म्हणून स्वस्तात जातंय, म्हणून एवढं उपग्रह सोडता येत्यात. ते वर गेले की तार नको, टावर नको. डोंगरात, बर्फात, कुठं बी फोन लागंल."

'बर्फात' म्हणालीस आणि माझ्याकडं पाहिलं नाहीस.

फार वर्षांपूर्वी दाजी पलटणीबरोबर बर्फातल्या चौकीवर होते. पूनम तेव्हा पाळण्यात. दर रविवारी तू गल्लीच्या टोकाच्या फोनच्या दुकानात जाऊन बसायचीस, पदर सावरत, दुकानदाराच्या बायकोशी उगाच काहीबाही बोलत. कधी फोन यायचा, कधी नाही. दाजी आजारी पडले तेव्हा बर्फ पडून तिथली लाइन बंद होती. ते आजारी आहेत हे आपल्याला कळलं, ते गेल्यानंतर. त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं, असं त्यांचा सोबती पुढं येऊन सांगून गेला. काय बोलायचं होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तुला त्यावर कधी रडताना मी पाहिलं नाही, आक्का. तू फक्त त्या दुकानावरून जायचं सोडलंस. लांबच्या वाटेनं बाजाराला जायचीस.

मला मात्र या उपग्रहांचं मनापासून पटत नव्हतं. मी रोज सकाळी सूर्याला पाणी देणारा माणूस. मागं एकदा दिवेलागणीला तुझ्या अंगणात उभे होतो, तर पश्चिमेकडून दिव्यांची एक लांब ओळ निघाली, एकामागं एक, गुपचूप. मी हातच जोडले!

"हात कुणाला जोडतोस रं? नवीन सोडलेलं उपग्रह हायत ते. वरात निघालीया जणू."

"आक्का, देवाच्या आभाळात माणसानं एवढी गर्दी करावी का?"

"देवाला गर्दीचं काय? जत्रा चालती त्येला, आन एवढं चालत न्हाई व्हय?"

मी अजूनही पुरता निरुत्तर झालेलो नाही. आभाळ भरून टाकू नये असं मला आजही वाटतं. पण कुणीतरी कुठंतरी बर्फात आजारी पडला असेल आणि त्याचा आवाज घरापर्यंत पोचत असेल, तर त्या दिव्यांना जोडलेले हात मी मागं घेणार नाही.

पूनम सांगलीला इंजिनिअर झाली आणि शिरवळच्या एका कारखान्यात लागली, तेव्हा तिला काम काय मिळालं? परत उतरणाऱ्या रॉकेटचे पाय! आपल्याकडंही तसं रॉकेट करायचं, तेच तेच वापरायचं आणि इंटरनेटचे उपग्रह सोडायचे, असा त्या लोकांचा मनसुबा. वर जाताना पाय मुडपून ठेवायचे आणि जमीन जवळ आली की उघडायचे. तुला केवढा अभिमान! शेडमध्ये जाऊन सांगितलंस, "माझी पोरगी पाय करती." शालननं विचारलं, "कुणाचं गं?" पुन्हा हसू.

मग तिला दक्षिणेला, समुद्राकाठी, जुळणीच्या कामावर बोलावलं. तिथंच राहायचं. तिनं तुला फोनवर सांगितलं, आणि तू काय म्हणालीस? "बघू."

त्यानंतर चारच दिवसांत तुझ्या छातीत दुखायला लागलं. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलंही सगळं.

बघू! बघू म्हणजे काय गं आक्का? हो, की नाही? बायांमध्ये एवढी बोलायचीस, आणि अण्णांपुढं पदर पुढं ओढून गप्प. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणाली असतीस की माझ्या पोरीला जायचं तिथं जाऊ द्या! मग दहाव्याला तो सगळा प्रकार घडलाच नसता.

तुला ठाऊक असेल म्हणा. तू तिथं होतीस की नव्हतीस, हाच तर वाद आहे.

येरळा नदीच्या काठावर पिंड ठेवले. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले. आम्ही मागं सरलो, हात जोडून वाट बघत राहिलो. एक कावळा झेपावला, अर्ध्यातून फिरला. पुन्हा एक आला, तोही फिरला. मग सुरू झालं. कुणी म्हणालं, तिच्या म्हशीला विकणार न्हाई म्हणा. म्हटलं. कुणी म्हणालं, शेड बंद पडू देणार न्हाई म्हणा. तेही म्हटलं. कावळा शिवेना.

तेव्हा अण्णा पुढं झाले. "तिचा जीव पोरीत अडकलाय. पाव्हणं, तुमी मामा हाय. पिंडापुढं शब्द द्या, वर्षाच्या आत पोरीचं लगीन लावतो म्हणून. न्हाईतर पुन्हा तीन वर्सं थांबावं लागंल."

स्थळ त्यांनी आधीच बघून ठेवलेलं. कडेगावकडचं, बागायती ऊस. मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगला आहे. अट एवढीच की नोकरी सोडायची. पूनम माझ्या शेजारी ओल्या डोळ्यांनी उभी होती. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि आक्का, मी कावळ्याला मानतो. आई गेली तेव्हा तुझ्या एका शब्दावर कावळा शिवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. माझे ओठ उघडलेही होते.

तेवढ्यात मागं धडाम्‌ करून बार उडाला, आणि बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उठले.

ऐन द्राक्षाचे दिवस. पाखरं घडांवर बसू नयेत म्हणून मळ्यामळ्यात बार उडत होते. आणि हा मळा कुणाचा होता? आम्ही सकाळपासून कान असून बहिऱ्यासारखे उभे! रोजचाच तो आवाज, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाखरं हाकलायला गडी लावून ठेवायचा, आणि इकडं हात जोडून पाखराची वाट बघायची!

मी म्हणालो, "अण्णा, आधी तुमच्या बागेतलं बार थांबवा. मग आक्काची इच्छा विचारू."

कुणीतरी खुसकन हसलं. अण्णांचा चेहरा काळानिळा झाला. "दहाव्याला थट्टा करताय?"

"थट्टा न्हाई. आक्काच्या मनात काय होतं ते मला ठावं न्हाई, आन तुमास्नी बी न्हाई. जे ठावं न्हाई त्येचा शब्द मी पिंडापुढं देणार न्हाई."

बार थांबले, पण उडालेले कावळे परतले नाहीत. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. सगळे नदीवरून घरी आलो. तेरावा झाल्यावर मी स्वतः पूनमला सांगलीहून दक्षिणेच्या गाडीत बसवलं. तेव्हापासून भावकी माझ्याशी बोलत नाही.

मध्ये एका लग्नात अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "मामानं भाचीला आभाळात सोडलीया. रॉकेट परत येतंय म्हणत्यात, पोरगी येती का बघा."

"रॉकेट परत येतं ते पुन्हा जायलाच, अण्णा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. देवाधर्माच्या माणसाला शोभणार नाही इतका.

आज सकाळी पूनमचा फोन आला. हे रॉकेट अजून उपग्रह नेणार नाही. थोडं वर जायचं आणि आपल्या पायांवर परत उतरायचं, एवढीच चाचणी. पण ते पाय तिचे आहेत. तिचा आवाज बसलेला होता.

"मामा, मी आजच निघते. साहेबांना सांगते काहीतरी."

"येऊ नको."

"आईचं वर्षश्राद्ध हाय मामा! लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते म्हणून झालंय. आता नवीन काय म्हणणार?"

"आईला काय वाटंल?"

आक्का, मी म्हणालो, "तुझी आई हितं हाय का तिथं, हे मला कळत न्हाई. पण तुझं काम कुठं हाय ते मला ठावं हाय. तिथंच थांब." ती बराच वेळ रडली. पण थांबते म्हणाली.

गुरुजींना विचारून आलोय. भावानं श्राद्ध केलेलं चालतं. तेव्हा उद्या विधीला मी बसेन. स्वयंपाकाला शालन येतेय, तिला कुणाचं भय नाही. भावकी न येवो. शेडमधल्या बाया येतील, त्या जेवतील.

आता शेवटचं, आणि हेच लिहायला मी बसलो होतो. वर्षभर मला एक शंका खातेय. बार नसते तरी कावळा आला नसता, असं तर नाही ना? तुझ्या त्या 'बघू'चा अर्थ खरंच 'नको' असा होता का? पोरगी जवळ असावी, तिचं लग्न व्हावं, चुलीपाशी नातवंडं असावीत, असं तुला वाटलं असेल, तर त्यात तुझं काय चुकलं? कुठल्या आईला वाटत नाही?

पण वाटलं असेल, तर ऐक. मी तुझंही ऐकणार नाही.

जन्मभर तुझा शब्द मोडला नाही. तो आता मोडतो. पितर नाराज झाले तर घराला भोवतं, असं मी मानतो, आणि मानत असूनही हे लिहितोय. भोवायचं ते माझ्या घराला भोवू दे. तुझ्या नावाचं पाणी मी जगेन तोवर सोडीन, तुझं पान दरवर्षी वाढीन, त्यात कसूर होणार नाही. पण तुझं नाव पुढं करून त्या पोरीला कुणी माघारी बोलावणार नाही. अण्णा नाही, मी नाही, आणि आक्का, तूसुद्धा नाही.

हा शब्द मात्र मी देतो. आणि तो पाळण्याआधी तुझी परवानगी मागत नाही.

तुझा धाकटा,
म्हादू