ताकद अठरा, वाणी सहा

प्रिय विनीत,

तू आपला पात्रं घेऊन गोष्ट रचायचा फाशांचा खेळ सोडून गेल्याला तीन रविवार झाले. गिरगावात आमच्या खोलीत फासे अजून पडतात. श्रेयाची जादूगारीण कुणाचं ऐकत नाही आणि पुष्कर सगळ्यांच्या वाटची भजी संपवतो. तुझा धोंडराज मात्र मी दुसऱ्या कुणाला खेळू दिलेला नाही. सात फुटी गडी, गुणांत ताकद अठरा, वाणी जेमतेम सहा. किल्ल्याच्या दारात तसाच उभा आहे.

तू शेवटचा खेळलास त्या दिवशी तुझ्या धोंडराजाने पहारेकऱ्याचा भाला नुसत्या हातांनी वाकवला, आणि मी गोष्ट चालवणाऱ्या सूत्रधाराच्या तोऱ्यात सांगितलं की धमकवायचं तर ताकदीवर नाही, वाणीच्या गुणावर फासा टाकावा लागेल, पुस्तकात तसं छापलंय. वर म्हटलं, "काय धमकी देतोस, ते बोलून दाखव." नियमावर बोट ठेवायची माझी खोड तुला ठाऊक आहे. ऑफिसातही मी त्यामुळेच नावडती आहे.

गेल्या बुधवारी आमच्या चाळीत बिल्डरचा माणूस आला आणि ललिताकाकूंनी चाळ पाडायच्या संमतीपत्रावर सही करावी म्हणून त्यांच्या दारात आवाज चढवू लागला. शेजारचे दौलतकाका बाहेर आले. जन्मभर गोदीत ओझी उचललेला माणूस. ते अवाक्षर बोलले नाहीत. वाटेतला भरलेला सिलिंडर एका हाताने उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. तो 'नंतर येतो' म्हणत जिना उतरला. माझं पुस्तक खोटं पडलं, आणि मला तू आठवलास. काका मात्र खूश नव्हते. म्हणाले, मनगटाची भीती माणूस समोर असेपर्यंतच, उद्या तो चौघांना घेऊन येईल. म्हणून मी नियम बदललाय: धमकी ताकदीवरही चालेल, पण घाबरलेला माणूस पुढे आपल्या उपयोगी पडणार नाही.

खरं तर नियम कळवायला मी पत्र लिहिलं नसतं. त्या दिवशी 'बाजूला हो' म्हणताना तू 'बा'वर अडलास, आणि ते वाक्य मी पुरं केलं. सगळे हसले. मीही हसले. तू अडखळतोस हे शाळेपासून माहीत असून. बोलावं लागू नये म्हणूनच तू तो गडी निवडला होतास, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला फार लाज वाटते, विनीत. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर पुन्हा मीच बोलत सुटले असते. रविवारी चारला ये. फासा टाक, नाहीतर बोल. तुझं वाक्य पुरं होईपर्यंत मी गप्प बसेन.

तुझीच मैत्रीण,
मनाली