ती कविता नव्हेच

बगदाद,
२० फेब्रुवारी १९४९

ती. नजीबाताईस,
धाकट्या सुहैलचा सा. सलाम वि. वि.

ताई, सोबतचं मासिक आधी उघड आणि मधलं पान बघ. खाली छापलेलं नाव तुझ्या भावाचं आहे! कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून दोन वर्षं टोमणे मारतेस ना, आता मार बघू. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका तपासत बसणाऱ्या पोराची कविता त्याच छापखान्यातून बाहेर पडली आहे.

तिचा आकार बघून दचकू नकोस. सारख्या मापाचे दोन चरण समोरासमोर आणि शेवटपर्यंत एकच यमक, हे हजार वर्षं चाललं. यंदा बगदादच्या प्रत्येक कॉफीखान्यात याच गोष्टीवरून खुर्च्या उचलल्या जाताहेत. आम्हा नव्या कवींची ओळ श्वासाएवढी. कधी सात शब्द, कधी एकच.

आणि तो एक शब्द म्हणजे विदाद. नाव लपवून प्रेम करणं मला जमत नाही. शाळेत शिकवून सुटल्यावर ती मुलींच्या वह्या अंगभर काळ्या अब्याखाली धरून आपल्या अमाऱ्याच्या होड्यांवर तरंगणाऱ्या पुलावरून घरी जाते, एवढंच आहे त्यात. एक प्रत तिच्या वडिलांना, हाजी मुतलकांना, मी थेट टपालाने धाडली आहे. तांदळाचे व्यापारी असले तरी जुन्या कवींच्या हजारो ओळी त्यांना पाठ आहेत. कविता कळणारा माणूस नाही कसा म्हणेल? आता ताहिरमामांना सांग, चार वडीलधारे बरोबर घ्या आणि मागणी घालून या. अर्धं काम मी केलंच आहे.

भावोजींना सलाम. तुझा लोभ माझ्यापेक्षा माझ्या कवितेवर जास्त जडला तरी मला राग नाही.

तुझा,
सुहैल

---

अमारा,
१४ मार्च १९४९

चि. सुहैल यास,
नजीबाचे अ. आ.

कविता मिळाली. कळली नाही, पण दोनदा रडले. ते राहू दे. गाढवा, तू जन्मलास कुठल्या गावात? आजी काय सांगायची ते कॉलेजात पुसून टाकलं का रे तुझ्या डोक्यातून?

मामा चौघांना घेऊन गेले. कॉफी आली. होकाराचा शब्द मिळेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून पाचही जण आपापल्या पेल्याकडे बघत बसलेले. हाजी अगदी आदराने बोलले, हेच तर वाईट. म्हणाले की मुलाचा खिसा रिकामा आहे, माझी हरकत नाही. कॉलेज सोडलं, तेही असू दे, मी तरी कुठे गेलो होतो? पण ज्याने मुलीला कवितेत गायलं त्याच्या पदरात ती घालायची नाही, ही आमच्या तंबूतल्या पूर्वजांची रीत. घातली तर लोक म्हणतील की कवितेच्या आधीच काहीतरी झालं होतं आणि बापाने ते झाकलं. कॉफी तशीच परत गेली. त्या घरातून कॉफी परत गेल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

विदाद आता शाळेत शिकवायला जात नाही. बाजारातली पोरं तिच्या नावाने तुझी ओळ ओरडतात. तिच्या चुलतभावाने निरोप धाडलाय की तिच्याशी लग्नाचा पहिला हक्क माझा, रमजानच्या आधी मी येतो. त्याची आधीची बायको आणि तीन मुलं तुला माहीत आहेत.

तू काही करू नकोस. मुख्य म्हणजे काही लिहू नकोस. जेवत जा. तुझ्यावर चिडून दमले तरी माया काही आटत नाही.

तुझी,
नजीबाताई

---

बगदाद,
२० मार्च १९४९

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

रीत! तंबू जाऊन दोन पिढ्या झाल्या, हाजींच्या घरी विजेचा पंखा फिरतो, आणि रीत मात्र उंटावरच बसलेली! मी येतो. पुलावर उभा राहून सगळ्या अमाऱ्याला ऐकू जाईल असं सांगतो की तिच्याशी मी आयुष्यात एक शब्द बोललेलो नाही. आणि तो चुलतभाऊ दिसला तर त्याच्यावरही एक कविता करतो, पण जुन्या मापात. तो तसल्याच लायकीचा आहे.

रागवू नकोस, आधीच बरगडी दुखते आहे. काल कॉफीखान्यात जपमाळ ओढत बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझं पान सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला की ही कविता नव्हे, ही पडलेल्या भिंतीच्या विटांची रास. माप नाही, यमक नाही, उंट लंगडला तर त्याला नवी चाल म्हणायचं का? मी म्हणालो की चाचा, तुमचा उंट लंगडत नाही कारण तो मेलाय. मग त्याचे तीन पुतणे उठले. माझा कोट गेला. पण आमच्या बाजूचे सगळे माझ्यासाठी उभे राहिले, ताई. त्या लोकांखेरीज इथे मला कोण आहे?

ती शाळेत जात नाही, हे वाचल्यापासून घास उतरत नाही. माझ्या एका शब्दाने तिचा पूल बंद झाला. काहीतरी कर. तुझ्या शहाणपणावर माझा जीव टांगलेला आहे.

तुझा,
सुहैल

---

अमारा,
३० एप्रिल १९४९

चि. सुहैल यास,
अ. आ.

तुझ्या बरगडीने काम केलं!

तुझं पत्र मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी सहज म्हणून कॉफीखान्यातलं भांडण हाजींच्या कानावर घातलं, की बगदादचे जाणते म्हणतात ही कविताच नव्हे. हाजी म्हणे एकदम ताठ बसले. मासिक मागवलं आणि आठ-दहा दिवस ते घेऊनच बसले. बोटांवर माप मोजायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी मामांना बोलावून निवाडा दिला. सारखे चरण नाहीत, एक यमक नाही, म्हणून ही कविता नाही. कविता नाही, तर मुलीला कुणी गायलंच नाही. एका उतावळ्या पोराने छापील कागदावर काहीबाही बडबड केली, पोरपणा म्हणून सोडून देता येईल.

पण गावाचं तोंड बंद व्हायला हवं. म्हणून तेरा मेच्या शुक्रवारी त्यांच्या बैठकीत तू वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने एवढंच म्हणायचं, की मी लिहिलं ती कविता नव्हे. मग कॉफी प्यायली जाईल.

आता डोकं फिरवून घेऊ नकोस. तुला काय वाटेल ते मला कळतं. ज्यासाठी कोट फाडून घेतलास तेच नाही म्हणायचं. विदादला मी विचारलं. ती खजुराच्या करंज्या वळत होती. हात न थांबवता म्हणाली की काय बोलायचं ते त्यांनी ठरवावं. मी वाट बघते आहे, एवढं कळवा.

ये. तुझ्या हट्टापेक्षा माझ्यावर तुझा लोभ मोठा आहे, असं धरून चालते.

तुझी,
नजीबाताई

---

बगदाद,
२२ मे १९४९

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

त्याच दिवशी निघणारी गाडी धरली म्हणून तुला भेटलो नाही. खरं म्हणजे कुणालाच तोंड दाखवायचं नव्हतं. बायकांच्या खोलीत तुम्हाला काही ऐकू आलं नसणार, आणि ताहिरमामा सगळं एका वाक्यात उरकतात, म्हणून लिहितो.

कॉफी ठेवली गेली. हाजींना साक्षीदारांना दाखवून द्यायचं होतं की ओळी कुठे कुठे लंगडतात. म्हणून त्यांनी बोटं वर धरली आणि म्हणायला सुरुवात केली. हातात मासिक नव्हतं, ताई. तिसऱ्या ओळीला बोटं थांबली, आवाज थांबला नाही. पूल आला, वह्या आल्या, वारा आला. शेवटी ते म्हणाले, 'पूल हलतो, विदाद, तू हलत नाहीस', आणि स्वतःच्या मुलीचं नाव त्या सगळ्या पुरुषांत आपल्याच तोंडून ऐकून त्यांनी वर धरलेली बोटं खाली घेतली. एक शब्द चुकला नव्हता. मामा सतरंजीकडे बघत होते.

एवढा मान मला जन्मात पुन्हा मिळायचा नाही. आणि नेमक्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की सांग पोरा, ही कविता आहे का?

मी म्हणालो, नाही.

मला वाटतं हाजींना दुसरं उत्तर हवं होतं आणि त्याचीच भीतीही होती. मग म्हणाले की लिहिणाऱ्यालाच जास्त ठाऊक असणार. पहिला पेला त्यांनीच उचलला.

बातमी माझ्या आधी बगदादला पोचली. तो माळवाला म्हातारा मला मिठी मारून म्हणाला की बेटा, सत्य बोललास, आणि माझ्या चहाचे पैसे त्याने दिले. आमच्या बाजूच्यांनी खुर्च्या फिरवून माझ्याकडे पाठी केल्या. मी तोंड उघडलं तर ते अमाऱ्याला कळणार, म्हणून चहा प्यायलो आणि गप्प बसलो. मी! बरगडी परवडली.

एक कर. विदादला विचार, तिचं लग्न कुणाशी ठरलंय? खोटारड्याशी, की कवी नसलेल्याशी? जे सांगेल ते जसंच्या तसं कळव. मऊ करून कळवलंस तर तो लोभ नव्हे.

तुझा,
सुहैल

---

अमारा,
३० मे १९४९

चि. सुहैल यास,
अ. आ.

लग्नाला सोळा जूनचा गुरुवार ठरला. रमजानच्या आधी, आणि चुलतभाऊ हक्क सोडायला कबूल झालाय. नवा कोट शिवून घे. हाजींकडे तू धाडलेलं मासिक मी मागितलं, तर म्हणाले की कुठेतरी हरवलं. मी पुन्हा विचारलं नाही.

विदाद कालपासून शाळेत जायला लागली. तुझा प्रश्न मी पुलावरच विचारला. आधी हसली. मग वह्या या हातातून त्या हातात घेतल्या आणि जे बोलली, ते तुला जसंच्या तसं लिहिते. म्हणाली की माझ्या बाबांसाठी एकदा बोललात, ते मी मानाने घेतलं. पण माझ्या घरात ते वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही.

तुझ्यावर आता लोभ ठेवायला आम्ही दोघी आहोत.

तुझी,
नजीबाताई