अंगठेबहाद्दरांविरुद्ध सात बटणं

२ मार्च, रविवार
'रणमूठ'चा दुसरा भाग आला. तीन तास खेळून पाहिला. निष्कर्ष : सत्यानाश. पहिल्या भागात वीजठोसा मारायला सात बटणं ओळीने दाबावी लागत. मला शिकायला आठ महिने लागले. आता एक निळं बटण अंगठ्याने दाबलं की झालं. मग मी आठ महिने काय भाजी निवडत होते?
संकल्प : दुसऱ्या भागावर संपूर्ण बहिष्कार. आजपासून.

३ मार्च, सोमवार
बहिष्काराचा पहिला दिवस. दोन तास खेळले, पण अभ्यासासाठी. शत्रूची माहिती असावी लागते.
खेळाडूंच्या ग्रुपवर निळं बटण आवडलेले लोकही निघाले! एक दातांचा डॉक्टर लिहितो, दिवसभर लोकांच्या जबड्यात हात घालून आल्यावर सात बटणं कोण दाबणार? अशा वृत्तीमुळेच समाज मागे राहतो. त्याला बावीस मुद्द्यांचं उत्तर पाठवलं. त्याने उलट नुसता अंगठा पाठवला.

५ मार्च, बुधवार
त्या अंगठ्यावरूनच शब्द सुचला. निळ्या बटणवाल्यांना मी काल रात्री जाहीरपणे 'अंगठेबहाद्दर' म्हटलं. सकाळपर्यंत एकशे चाळीस जणांनी शब्द उचलला. भाषेवर पकड असली की असं होतं. घराण्यातली पहिली पदवी उगीच नाही मिळाली.

८ मार्च, शनिवार
२३ तारखेला गेम पार्लरमध्ये जोड्यांची स्पर्धा. आहे दुसऱ्या भागावरच, पण सातबटणी पद्धत चालते. (सेटिंग्जच्या तळाशी टाकून दिलीय, अडगळीसारखी.) मी आणि दादा उतरणार. पूर्वी सहा वर्षं दर रविवारी आमचीच जोडी असायची. सात बटणांनी जिंकून दाखवलं की कंपनी ताळ्यावर येईल.
दादाने मध्ये दोन वर्षं खेळाला हात लावला नव्हता. लेथ मशीनमध्ये बोटं सापडली तेव्हापासून मन उडालं असावं. आता परत खेळतोय, आनंद आहे. फक्त निळं बटण दाबतो. बोलावं लागेल.

९ मार्च, रविवार
बोलले. म्हणाला, अगं बाई, ठोसा बसल्याशी मतलब, कुठल्या बटणातून आला ते समोरचा विचारतोय का? तत्त्वशून्य विधान. नववीत शाळा सोडल्याचा परिणाम. माझी फी भरायला सोडली हे खरं, पण वाचन तरी चालू ठेवायचं.
शिस्तीचं महत्त्व अर्धा तास सांगितलं. तो ताक पीत हसत होता. पटलेलं दिसतं.

१५ मार्च, शनिवार
पार्लरच्या काचेवर माझं निवेदन चिकटवलं. मथळा मोठ्या टायपात : 'अंगठेबहाद्दरांना हाकला!' खाली माझं नाव, पदवीसकट. पार्लरवाला म्हणाला, ताई, मग माझ्याकडे राहील कोण, तुम्ही आणि पंखा? धंदेवाईक माणूस.

१६ मार्च, रविवार
छोटासा गैरसमज झाला.
दादा बाबांना पार्लर दाखवायला घेऊन गेला. बाबांना वाचता येत नाही, म्हणून काचेवर काय लिहिलंय ते दादाला विचारलं. दादाने वाचून दाखवलं. नावासकट.
बाबा पगाराच्या रजिस्टरवर अंगठा उठवतात हे मला माहीत आहे. या संदर्भात लक्षात नव्हतं इतकंच.
बाबा घरी येऊन आईला म्हणाले, पोरीने आमचं नाव काढलं गं, काचेवर छापून आलो! आई हसली नाही. मी सांगितलं की शब्द लाक्षणिक अर्थाने आहे. दादाने विचारलं, म्हणजे कसा? मी उदाहरणं द्यायला लागले. तो ताटावरून उठला.
उद्यापर्यंत शांत होईल.

१९ मार्च, बुधवार
दादा सरावाला येत नाही. ओव्हरटाइम आहे म्हणाला. बरंच झालं. एकटीने सराव केला की एकाग्रता वाढते. त्याच्या बाजूचं पात्र उभं राहून मार खातं, तेवढं सोडलं तर प्रगती उत्तम.

२२ मार्च, शनिवार
दादाने दुसरा जोडीदार घेतलाय. कोण ते सांगत नाही. मलाही मिळाला. दातांचा डॉक्टर. जोडीवाचून आम्ही दोघंच उरलो होतो. मी अट घातली, निळं बटण नाही. म्हणाला, चालेल मॅडम, या वेळी तुम्ही सांगा, आ मी करतो.
विजय निश्चित.

२३ मार्च, रविवार
पहिल्याच फेरीत समोर दादा. त्याच्या शेजारी बाबा.
सामना अडतीस सेकंदांत संपला. माझी सात बटणं क्रमाने, बिनचूक दाबून झाली तेव्हा पडद्यावर निकाल लागलेला होता. बाबा प्रत्येक ठोशाला 'घे!' म्हणत होते. माझा जोडीदार मार खाता खाता 'वा काका!' म्हणत होता.
उठताना दादाचा हात पाहिला. त्याची दोन बोटं वाकत नाहीत. कंट्रोलरच्या बाहेर ताठ उभी राहतात. चालतो तो अंगठाच. दोन वर्षं रोज शेजारी बसून जेवतो आम्ही.
निवेदन उतरवलं. पार्लरवाल्याने ब्लेड आणून दिलं.
घरी आल्यावर दादाला विचारलं, पुढच्या रविवारी खेळू या का, निळ्या बटणाने चालेल मला. म्हणाला, बाबांना विचार. रविवारी आता त्यांचा नंबर असतो.